सोसायटीचा दंड राहू दे, आधी मावशींच्या दंडाला सुई

पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं कामाचं तेवढं देते.

«नमस्कार डॉक्टर, आम्ही सिंहगड रोडला राहतो. आमच्याकडे बिस्किट नावाचा आठ महिन्यांचा इंडी, म्हणजे गावठी कुत्रा आहे, पार्किंगमध्ये सापडला होता, आता घरचाच झालाय. त्याची दोन इंजेक्शनं झालीत. गेल्या शुक्रवारी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी डबा उचलला आणि ह्याचा दात त्यांच्या पोटरीला लागला. रक्त वगैरे नाही, नुसतं खरचटलं, मी लगेच हळद लावून दिली. मावशींनी काहीच तक्रार केली नाही, पण समोरच्या विंगमधल्या कोणीतरी बघितलं आणि आता सेक्रेटरी म्हणतात आठ दिवसात लायसन दाखवा नाहीतर पाच हजार दंड आणि कुत्रा सोसायटीच्या बाहेर. सासरे म्हणतात गावठी कुत्र्याला कसलं लायसन आणि कसली लस, आमच्या वाड्यावर कायम चार कुत्री असायची, एकालाही कधी सुई टोचली नाही. मला फक्त एवढं सांगा की लायसन पटकन कसं मिळेल, कोणी एजंट असतो का? (आणि मे महिन्यात त्याला गावी न्यायचंय, चालेल ना?) – बिस्किटची आई»

बिस्किटच्या आई, तुम्ही विचारलंय लायसनचं, आणि ते सांगतेच, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय, ती हळदीची. मावशींबद्दलचा भाग मी तुमचा मेल आला त्याच दिवशी उलट कळवला होता कारण तो सदर येईपर्यंत थांबण्यासारखा नव्हताच, पण असं बऱ्याच घरांत होतं म्हणून सगळ्यांसाठी इथे परत लिहितेय.

रक्त आलं नाही म्हणजे काही झालं नाही असं आपण धरून चालतो. रेबीजचा धोका बघून डॉक्टर लोक कुत्र्याच्या चाव्याचे तीन प्रकार करतात. नुसता हात लावला, खायला घातलं, धड कातडीवर चाटलं तर पहिला, त्याला काही लागत नाही. उघड्या कातडीला दात लागला, रक्त न येता खरचटलं, ओरखडा आला तर दुसरा, आणि यात रेबीजची लस घ्यावी लागते. दात आत रुतला, रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटलं तर तिसरा, तिथे लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीही द्यावी लागते. मावशी तुमच्याच वर्णनाप्रमाणे दुसऱ्यात बसतात. तेही पोटरी नीट बघून डॉक्टरांनी ठरवू दे, कारण घाईघाईत हळदीखाली काय होतं ते कोणी बघितलेलं नसतं.

हळद, चुना, मिरचीपूड, तेल, कॉफी पावडर, यातलं काहीही नको. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून पंधरा, कारण आपल्याला दोन मिनिटं झाली की पंधरा झाल्यासारखी वाटतात. जखमेतला व्हायरस जागच्या जागी कमी करायचा याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि नेमका तोच सगळे विसरतात. तुमच्याकडे ती वेळ गेली, पण लसीची गेलेली नाही. पाच दिवस झाले, आठ झाले, म्हणून आता काय उपयोग असं म्हणून घरी बसायचं नाही. हा व्हायरस नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकत जातो, माणसाला साधारण एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी कधी जास्त, आणि लसीला तेवढ्या वेळात त्याला गाठायचं असतं. एकदा लक्षणं सुरू झाली की मग जवळजवळ कोणी वाचत नाही, हे मी घाबरवायला नाही सांगत, रेबीजचं गणितच तसं आहे, आधी शंभर टक्के टाळता येतो आणि नंतर काहीच करता येत नाही.

मावशी नको म्हणतील. त्यांना चौदा इंजेक्शनं पोटात आठवत असतील, आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तेच आठवतं. ती जुनी लस होती, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली, ती आपल्या देशात 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आता दंडाला देतात. सरकारी दवाखान्यात कातडीत थोडी थोडी दोन्ही दंडांना देतात, चार फेऱ्या, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर पाच फेऱ्या, त्यात चौदावा दिवस वाढतो. दिवस पहिल्या इंजेक्शनपासून मोजायचे, तो दिवस शून्य धरून, चावल्यापासून नाही. ससूनला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात पैसे लागत नाहीत. पण मावशींचे पैसे लागतात हे लक्षात घ्या, चार फेऱ्या म्हणजे चार वेळा अर्धा दिवस लाइनीत, आणि त्या दिवशीची घरं बुडाली की पगार कापणारे लोक तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत. तेव्हा रिक्षाचं भाडं आणि बुडलेला रोज तुम्ही द्यायचा, आणि जमलं तर पहिल्या वेळी बरोबर जायचं. त्यांनी तक्रार केली नाही असं तुम्ही जरा सुटल्यासारखं लिहिलंय. काम जाईल या भीतीने करत नाहीत हो.

आणि एक, कुत्र्याला लस दिलेली असती तरी मी तुम्हाला डॉक्टरकडे जाच म्हटलं असतं. कुत्र्याची लस कधी दिली, नीट फ्रीजमध्ये ठेवलेली होती का, लागू पडली का, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही.

आता बिस्किट. तुम्ही म्हणता दोन इंजेक्शनं झालीत. तुम्ही बुकलेटचा फोटो पाठवलात ते फार बरं केलं, कारण त्यात दोन स्टिकर आहेत आणि दोन्ही सेव्हन इन वन या एकत्र लसीचे आहेत. त्यात डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस, पॅराइन्फ्लुएन्झा, लेप्टो हे सगळं येतं, रेबीज सहसा येत नाही. सातात एक रेबीज असणारच असं निम्म्या लोकांना वाटतं, नाइन इन वन असेल तर खात्रीच वाटते. रेबीजची सुई बहुतेक वेळा वेगळी असते, तिचं स्टिकर वेगळं असतं आणि बुकलेटमध्ये अँटी रेबीजचं पान किंवा रकानाही वेगळा असतो, तुमच्या बुकलेटमध्ये तो रकाना कोरा आहे. काही कंपन्यांच्या एकत्र लसीत रेबीज असतं, तेव्हा स्टिकरवर बाकीच्या अक्षरांनंतर शेवटी आर दिसतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आत्ताच कपाटातून बुकलेट काढून बघा, मी थांबते.

पिल्लाला रेबीजची पहिली सुई तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आणि त्यानंतर दरवर्षी. बिस्किट आठ महिन्यांचा आहे म्हणजे ती राहूनच गेलीय.

मग लगेच उद्या जाऊन देऊन टाकू का? थांबा. हे लोकांना विचित्र वाटतं पण चावलेल्या दिवसापासून दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची असते आणि त्या दहा दिवसांत बरेच डॉक्टर त्याला रेबीजची लस देत नाहीत, कारण सुईनंतर जरा मरगळ आली, ताप आला तर ती लसीची की आजाराची हे कळेनासं होतं. दहा दिवसच का, तर कुत्र्याच्या लाळेत व्हायरस येतो तो लक्षणं दिसायच्या जेमतेम काही दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की कुत्रं दहा दिवस काढत नाही. म्हणजे अकराव्या दिवशी बिस्किट चप्पल चावत घरभर फिरत असेल तर शुक्रवारी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. तोवर त्याला घरात ठेवा, खाली न्यायचं तर पट्ट्यावर आणि दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब, नवीन माणसाच्या हातात द्यायचं नाही. खाणं सोडलं, आवाज घोगरा झाला, लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले तर ताबडतोब डॉक्टरला फोन. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण दुसरा प्रकार गप्प असतो, कोपऱ्यात जाऊन पडतं, जबडा लुळा पडतो, आणि घशात हाड अडकलंय असं समजून घरातला कोणीतरी मायेने तोंडात हात घालतो. तो हात घालायचा नाही. एवढं सगळं होईल असं मला अजिबात वाटत नाही, डबा उचलला म्हणून वाढत्या वयातला कुत्रा पायाला लागला, यात पिसाळण्यासारखं काही नाही, पण पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लाच्या आधीच्या आयुष्याची हमी तुम्ही पण देऊ शकत नाही आणि मी पण.

दहा दिवस नीट गेले की मावशींची पुढची इंजेक्शनं थांबवायची की पुरी करायची ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. मला विचाराल तर पुरी करा. त्या रोज किती दारं वाजवतात, किती दारांमागे कुत्री आहेत, पुढे कधी परत चावलंच तर कोर्स पुरा झालेल्या माणसाला दोनच इंजेक्शनं लागतात, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

म्हणजे क्रम असा झाला, मावशी आज, बिस्किटची सुई अकराव्या दिवशी, आणि लायसन त्यानंतर. तुम्हाला उलटा हवा होता, पण उलटा होतच नाही, कारण लायसनच्या अर्जाला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. आता कळलं का एजंट काय विकतो ते? एजंट विकतो ते सर्टिफिकेट. सुईशिवाय शिक्का. त्यापेक्षा लायसन नसलेलं परवडलं, निदान आपल्याला माहीत तरी असतं की आपल्याकडे काही नाही. तसंच पेट शॉपमधून बाटली आणून घरच्या घरी टोचणारेही आहेत, यूट्यूब बघून. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची असते, ती दुकानापासून तुमच्या घरापर्यंत डिकीतून आली की तिचं पाणी झालं असं समजा, आणि सही नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच लागते, शिक्क्यावर राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी नंबर असतो तो बघून घ्या. खाजगी डॉक्टर महाग वाटत असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पुण्यात औंधला मोठं पॉलिक्लिनिक आहे, शिवाय 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्याच्या आसपास फुकट लसीकरणाची शिबिरं लागतात, पण तुम्ही सप्टेंबरची वाट बघू नका.

लायसन काढणं हे खरं तर या सगळ्यात सोपं. मुंबईला 1888 चा महापालिका कायदा आहे, पुणे-ठाणे-नाशिक वगैरे बाकीच्या महापालिकांना 1949 चा, आणि पाळीव कुत्र्याची नोंद महापालिकेकडे करणं हे दोन्हीकडे मालकाचं काम आहे, त्यात गावठी आणि ब्रीडचा असा काही भेद नाही, हे सासऱ्यांना सांगा. पुण्यात तर 2022 मध्ये मांजरांची पण नोंदणी करायचं ठरलं. महापालिकेच्या वेबसाईटवर अर्ज असतो, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीचं सर्टिफिकेट, कुत्र्याचा फोटो, नसबंदी झाली असेल तर त्याचा कागद, फी अगदी किरकोळ, आणि दरवर्षी रिन्यू करायचं. अर्ज भरायला बसलात की त्या दिवशीची कागदांची यादी वेबसाईटवरच बघा, ती अधूनमधून बदलते. फोटो काढताना बिस्किटच्या अंगावरची एखादी खूण दिसेल असा काढा, सगळी तांबूस इंडी पिल्लं कागदावर सारखीच दिसतात आणि हरवला तर तोच फोटो कामाला येतो. मायक्रोचिप बसवून घेतलीत तर उत्तम, मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी असते, पंधरा आकडी नंबर. लायसनची तारीख आणि लसीची तारीख वेगवेगळी येणार, दोन्ही मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर लायसन चालू आणि लस संपलेली असं होतं आणि ते कोणाच्या लक्षात पण येत नाही.

लायसन असलं म्हणजे आपण सुटलो असंही नाही. आपल्या कुत्र्याकडून कोणाला इजा होणार नाही याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तिथे लायसन आहे का नाही हा प्रश्न नंतर येतो. कचऱ्याच्या वेळी बिस्किट आतल्या खोलीत, दार लावून. हे तुम्हाला आजपासून करता येईल, त्याला कुठला अर्ज लागत नाही.

सेक्रेटरींचं म्हणाल तर ते थोडे बरोबर आहेत आणि बरेच चूक आहेत. लायसन आणि लसीचा कागद मागितला तर द्या, कुरकुर न करता द्या, लेखी पत्र लिहा की अमुक तारखेपर्यंत लस आणि त्यानंतर अर्ज, दोन्हीची झेरॉक्स ऑफिसला देते, आणि पोच घ्या. पण कुत्रा बाहेर काढा म्हणायचा अधिकार त्यांना नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये गाइडलाइन्स काढल्यात, त्यात स्वच्छ म्हटलंय की सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लहान चालेल मोठा नाही असं ठरवता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही. लायसन नाही म्हणून कारवाई करायची तर ती महापालिकेने करायची, सोसायटीने पाच हजारांची पावती फाडायची नाही. फारच ताणलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाता येतं. पण माझा सल्ला विचाराल तर तिथपर्यंत जाऊ नका, तुमची बाजू आत्ता तितकी भक्कम नाही, माणसाला दात लागलाय आणि कुत्र्याला रेबीजची लस नव्हती, ही गोष्ट कुठल्याही मीटिंगमध्ये तुमच्या विरोधातच जाणार. आधी ती दुरुस्त करा, मग नियम दाखवा.

आता सासरे. वाड्यावरच्या चार कुत्र्यांना कधी काही झालं नाही हे खरं असेल, पण गावात कोणाचं कुत्रं कधी पिसाळलं नव्हतं का एवढंच त्यांना विचारा, शांतपणे, वाद न घालता. मी भेटलेल्या त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक तरी नाव असतं, कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी गडी, आणि झाडपाल्याचं औषध. ते नाव त्यांच्या तोंडून निघालं की तुम्हाला पुढे काही पटवायची गरज पडणार नाही. त्यांना गोव्याचंही सांगा. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेच्या लोकांनी गेलं दशकभर गल्लोगल्ली जाऊन, जाळ्या घेऊन, पाळीव-भटकी सगळी कुत्री टोचली, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तिथली बहुतेक कुत्री गावठीच आहेत. कुठल्याही भागातल्या साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, पण शंभरातली सत्तर मोजायला आधी शंभर किती हे माहीत पाहिजे ना, लायसनचा उपयोग खरा इथे आहे. नुसता पैसे गोळा करायचा धंदा असता तर फी एवढी कमी ठेवली असती का.

गेटवरच्या दोन कुत्र्यांना तुम्ही खायला घालता असं पत्रात एका ठिकाणी आलंय. त्यांचं लायसन तुम्हाला काढावं लागत नाही. 2023 च्या एबीसी, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याची लस-नसबंदी मालकाकडे आणि रस्त्यावरच्याची स्थानिक संस्थेकडे. त्यांच्या कानाला छोटी खाच आहे का बघा, असली तर नसबंदी झालेली आहे, आणि त्याच वेळी रेबीजची सुई पण दिली जाते, पण तिला किती वर्षं झाली ते कान सांगत नाही. नसेल तर महापालिकेत कळवा. आणि खायला घालायची जागा गेट आणि मुलांच्या खेळायच्या कोपऱ्यापासून लांब ठरवा, 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सुप्रीम कोर्टानेही ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायचं म्हटलंय, सेक्रेटरी तो मुद्दा काढायच्या आधी तुम्हीच काढा.

राहिला कंसातला प्रश्न, मे महिन्यात गावी नेण्याचा. पहिली सुई दिली की दुसऱ्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही, साधारण महिनाभर धरा. तो महिना भरत असेल तर न्या, बुकलेट गाडीत ठेवा, आणि वाड्यावरची आत्ताची कुत्री कोण कोण आहेत, त्यांना कोणी टोचलंय का ते सासऱ्यांनाच आधी फोन करून विचारायला लावा. नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून ठेवलं की तुम्ही जाल तेव्हा एका फेरीत सगळ्यांचं होऊन जाईल. आणि महिना भरत नसेल तर या मे मध्ये बिस्किट पुण्यातच राहू दे.